वणीच्या बाजूने

वणी, जानेवारी १९६४

प्रिय दादा,

लहानपणी शाळा सुटल्यावर आपण यवतमाळच्या मैदानाच्या भिंतीवर बसून बोरं खात कबड्डी पाहायचो. लग्न होऊन वणीला आले, तरी यवतमाळ कॉलेजचा संघ इथे खेळायला आला की मी शिदोरी घेऊन माहेरच्याच बाजूला बसते. काल शेवटच्या चढाईत वणीचा पोरगा मधल्या रेषेकडे झेपावला आणि मी उभी राहून ओरडले, "हात टेकव, बाळा!" वणी जिंकली.

हे हसून म्हणाले, "घ्या, तीस वर्षांनं आज नांदाले आली बाई वणीत."

मला बरं वाटलं, दादा. तुला सांगवत नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील. त्या आनंदात शिदोरी द्यायची राहिली, ती एसटीने पाठवते. सोबत नुसती चिठ्ठी ठेवीन: तिळाचे लाडू यवतमाळच्या मुलांना, चिवडा वहिनीला.

वणीची मुलं आज आमच्याकडे जेवायला आहेत.

तुझी,
वत्सला