चिमणी मागे फिरली

इंझोरी, जि. वाशिम
२३ जुलै

प्रिय प्रसेन,

सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत. तूही बरा असशील, मेसचं वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते. सोयाबीन गुडघ्याला लागलं, निंदण सुरू आहे. माझी माय, तुझी किन्हीराजा गावची आजी, महिनाभर राहायला आली आहे. तिचं कानाचं मशीन बिघडलं म्हणून वाशिमला दुकानात दिलं होतं, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलत होतो. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस म्हणून हे पत्र. आपल्या गल्लीतला विनोद नागपूरला येतोय, त्याच्या पिशवीत लाडवांसोबत टाकते.

तुला हसू येईल, पण मी तो तुझा गोळ्या झाडायचा गेम शिकले. उन्हाळ्यात घरी होतास तेव्हा मोबाइल हातात घेऊन असा काही ओरडायचास की गोठ्यातली शेळी उठून उभी राहायची. वर्गात मास्तरांना ज्याचा आवाज ऐकू यायचा नाही, तो हाच का पोरगा! राहून राहून वाटायचं, त्या एवढ्याशा काचेत आहे तरी काय? तू गेल्यावर पौर्णिमाला म्हटलं, "मले बी दाखव." ती म्हणाली, "आई, तुले नाही जमत." तेवढं पुरे झालं.

सुरुवातीला मी भिंतीकडे तोंड करून धावत होते. मग जमलं. आणि गंमत सांगू? मलाही राग आला. एकाने मागून गोळी घातली तर मी तुझ्या बहिणीवरच खेकसले, "चूप बस, तुह्यामुळं मेली मी!" ती बिचारी शेजारी पोहे खात होती. हा राग आला कुठून, ते मी शोधत बसले. मरण्याचा नव्हता. खाली पडून दुसऱ्यांची मजा बघावी लागते ना, त्याचा होता. तुझंही असंच होतं का? खरंच विचारते, टोमणा नाही.

आता आठवतं का बघ. मागच्या रविवारी तुमच्यात एक खेळाडू कमी होता आणि पौर्णिमाने तिच्या ओळखीची एक दिली. "चिमणी" नावाची, माइक बंद असलेली. विनोद मागे पडला, गोळी लागून रांगत होता. तू म्हणालास, "राहू दे त्याले, पुढं चाला." आणि चिमणी मागे फिरली. त्याला उचलता उचलता दोघंही गेली आणि तुम्ही हरलात.

निंदताना आम्ही बायका एकेक पात, म्हणजे आपापली ओळ, धरतो, हे तू पाहिलं आहेस. एखादीची पात मागे राहिली की पुढे गेलेल्या उलट येऊन तिला हात लावतात. सगळ्यांनी मिळून धुऱ्याला, पार बांधापर्यंत, लागायचं, एकटीने आधी जाऊन सावलीत बसायचं नाही. चिमणीला वाटलं, गेममध्येही असंच असतं.

मग तू बोललास. चिमणीच्या मायचा जो उद्धार केलास तो इथे लिहीत नाही, पत्रातल्या चुका पौर्णिमा तपासणार आहे.

प्रसेन, चिमणीची माय बाजेवर माझ्या शेजारीच लसूण सोलत बसली होती. शब्द काही तिला कळले नाहीत, पण आवाज तुझा आहे एवढं कळलं. तोंडभर हसून म्हणाली, "काय म्हणून राह्यला माहा नातू?" मी म्हटलं, "माय, तुही आठवण काढून राह्यला." दिवसभर ती ज्याला त्याला हेच सांगत होती. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे भाजून तिने हे लाडू वळले.

मला वाईट वाटलं, खूप वाटलं. रागही असा आला की तिथेच तुला फोनवर सोलून काढणार होते. पण वावरात बायकांची जुंपली की आम्ही आधी हातातलं खुरपं खाली ठेवतो, पाणी पितो, मग काय ते बोलतो. मी मोबाइल पालथा ठेवला आणि पाणी प्यायले. म्हणून आज हे असं लिहिता येतंय.

विनोदला यातलं काही माहीत नाही. परवा आला तेव्हा म्हणाला, "काकू, मी आता प्रसेनसंगं खेळत नाही. पण ते चिमणी कोण होती काय मालूम, माह्यासाठी वापस आली." लहानपणापासून तुम्ही एका ताटात जेवलात. पिशवी देऊन दारातूनच परत फिरतो म्हणालाय. तू हे उभ्याउभ्या वाचत असशील तर आधी त्याला हाक मार, गेटपर्यंत धावावं लागलं तरी. बाकीचं पत्र कुठे जात नाही.

रविवारी दुपारी चिमणी पुन्हा खेळायला येईल. या वेळी माइक सुरू असेल. आजीही शेजारी बसणार आहे, नातू आणखी काय आठवण काढतो ते ऐकायला. तिचं मशीन कालच दुरुस्त होऊन आलं. आता तिला शब्द न् शब्द ऐकू येतो.

तुझी वाट पाहणारी,
आई, म्हणजे चिमणी