खाडीच्या नकाशावरची पांढरी जागा

आये, तुझ्या जागेबद्दल लिहितेय. मोठ्याने बोलायची सोय नाही, मढमध्ये भिंतींनाही कान आहेत.

गेल्या महिन्यात गावच्या हॉलमध्ये सर्व्हेवाले आले. टेबलावर आपल्या खाडीचा हा एवढा मोठा नकाशा, आणि हिरव्या टिकल्यांची पाकिटं. माझ्या लेकीच्या वयाची एक मुलगी म्हणाली, "काकू, खाडी तुम्हाला जिथे काही देते तिथे टिकली लावा. मासे, तिसऱ्या-शिंपल्या, काहीही. कुठली जागा राखायची ते यावरून ठरेल." गोड बोलणाऱ्यांचाच मला आधी संशय येतो. या किनाऱ्यावर टेप घेऊन आलेला माणूस कधी काही द्यायला आलाय का गं? आधी मोजतात, मग कुंपण घालतात, मग आपल्यालाच विचारतात की तुम्ही इथे कशा.

टिकली बोटावर घेतली आणि मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. शेजारची काकी हातावर चिंचेची गोळी ठेवून विचारतेय, "ओहोटीला कुठे जाता गं मायलेकी?" आणि मी सांगून टाकतेय. दुसऱ्या दिवशी आपला चिखल उकरून पडलेला. बारीक तिसऱ्या तू नेहमी परत चिखलात टाकायचीस, त्यासुद्धा कुणी सोडल्या नव्हत्या. घरी आल्यावर चुलीपुढेच तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "तोंडात तीळ भिजत नाही कार्टीच्या! विचारणाऱ्याला खरी जागा सांगायची नसते." नवी जागा शोधायला तुला अख्खा पावसाळा लागला. पुढे दोन वर्षांनी तुझं खुरपं माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "घे, आता गप्प राहायला शिकलीस." एवढं कौतुक तू माझं पुन्हा कधी केलं नाहीस. ते खुरपं अजून माझ्या दारामागे आहे.

म्हणून मी टिकली लावली टोकाच्या खडकावर. तिथे कावळ्यांशिवाय कुणी जात नाही. मागे वळून बघते तर काय, सगळ्याच बायका एकेक करून त्याच खडकावर टिकल्या चिकटवतायत! कुणी कुणाकडे बघेना. मला हसू फुटत होतं, पदर तोंडात धरला.

परवा नकाशा रंगवून आला. तो मेला खडक गडद हिरवा, जपायची जागा म्हणून. आणि तू पावसाळाभर शोधलेला तो नवा चिखल पांढराफटक. खाली लिहिलंय, वापर नाही, जेट्टीच्या भरावासाठी चालेल. वाट लागली ना! सर्व्हेच्या त्या मुलीला म्हटलं, "हे कुणी ठरवलं?" ती बिचारी म्हणाली, "काकू, तिथलं कुणी काही बोललंच नाही. दुरुस्ती असेल तर शनिवारपर्यंत सांगा."

आज शनिवार. सकाळच्या ओहोटीला मी तिला हाताला धरून चिखलात नेलं. पोरीचे पाय गुडघाभर रुतले, पण मागे फिरली नाही. खुरप्याने उकरून तिच्या ओंजळीत तिसऱ्या घातल्या. बारीक होत्या त्या तिने न सांगताच परत टाकल्या. तेव्हा वाटलं, हिला सांगायला हरकत नाही. तिने फोनवर खूण केली आणि विचारलं, "एवढीच जागा ना, काकू?"

मी म्हटलं, "हो, एवढीच."

पलीकडची दुसरी जागा, तू मला सगळ्यात शेवटी दाखवलेली, ती नाही सांगितली. जीभच वळली नाही. उकळलेल्या टोपात जी तिसरी तोंड उघडायची नाही ती तू खराब म्हणून फेकून द्यायचीस, हे मला तिथेच आठवलं, तरीही नाही. हे पत्र कुणाच्या हाती लागेल म्हणून ती जागा यातही लिहिलेली नाही. नकाशावर ती अजून पांढरीच आहे, आये, आणि त्यांचं ऑफिस पाचला बंद झालं.