सहा जणांचा फिजिक्सचा तास

बर्च हार्बर, मिशिगन
रविवार, २२ सप्टेंबर १९९१

ति. बाबांस,
ऐलीचा शि. सा. न. वि. वि.

घरी सगळे खुशाल. आईची इस्पितळातली पाळी या महिन्यात दुपारची आहे, त्यामुळे संध्याकाळचं जेवण मी करते आणि ती ते एक शब्द न बोलता खाते. यावरून काय ते समजा. परसातल्या सॉनाच्या वाफखोलीची चिमणी तुम्ही सांगितल्याप्रमाणे साफ करून घेतली. थिम्बलबेरीचा मुरांबा यंदा नऊ बाटल्या झाला. दोन तुमच्यासाठी लपवून ठेवल्या आहेत, जहाज जानेवारीत धक्क्याला लागेपर्यंत टिकल्या तर तुमच्या.

आता मुद्द्याचं. सोबत एक गुलाबी कागद आहे. तो पत्र वाचून झाल्यावर बघा. (बघितलाच असेल.) तो फिजिक्स सोडण्याचा अर्ज आहे आणि त्यावर पालकांची सही लागते. आईकडे मागितली, तर ती म्हणाली की कॅल्क्युलस आणि फिजिक्स दोन्ही एकाच वर्षी घे म्हणून जो मागे लागला होता, त्यालाच विचार.

खरं तर तुम्ही एकटेच मागे लागला नव्हता, मलाही हवंच होतं. मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला जहाजाच्या इंजिनरूममध्ये नेलंत, तेव्हापासून हवं होतं. म्हणून तर इतकं झोंबतंय. आपल्या शाळेत आजवर अकरावीला कॅल्क्युलस आणि बारावीला फिजिक्स असायचं. दोन्ही एकदम घ्यायची परवानगी यंदा पहिल्यांदा मिळाली आणि आम्ही सहा शहाणे पुढे झालो. फिजिक्सचे डेशेन सर फळ्यावर लांब, वळणदार इंटिग्रल काढतात, हे तुमचं कॅल्क्युलसमध्ये झालंच असेल असं म्हणतात आणि मागे वळून बघतात. सहाच्या सहा माना हलतात. सहावी माझी.

कॅल्क्युलसच्या रौटिओबाई अजून लिमिटपाशीच आहेत. इंटिग्रल यायला नाताळ उजाडेल. म्हणजे बाकीच्या पाचांनी ते उन्हाळ्यात घरी बसून शिकून घेतलंय आणि मी मात्र सुट्टीभर बेकरीत पाव भाजत होते. तो आर्विड सालो तर सरांचं वाक्य संपायच्या आधीच मान हलवतो. पहिल्या परीक्षेत मला शंभरात एकतीस मिळाले. पेपर मी घडी घालून बुटात घातला आणि तसाच घरी आणला. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

अडचण एवढीच नाही. सोडायची शेवटची तारीख अकरा ऑक्टोबर आहे आणि वर्गात सहापेक्षा कमी मुलं उरली तर शाळा वर्गच बंद करते. मार्नीला हॉटनला इंजिनिअरिंगला जायचंय, तिला फिजिक्स हवंच. मी सोडलं तर तिचं बुडतं, नाही सोडलं तर माझं. लहानपणापासून आम्ही एकमेकींच्या घरात वाढलो, पण हे तिला कसं सांगू? रोज बसमध्ये मी तिच्या शेजारी बसते आणि हवेबद्दल बोलते.

सही करून पाठवा. रागावलात तरी चालेल, पण वाईट वाटून घेऊ नका.

मोठ्यांचा लोभ आहेच, तो एकतीस गुणांनंतरही राहू द्यावा, ही विनंती.

तुमची,
ऐली


जहाज 'वॉल्टर हॅनन', डेट्रॉइट नदी
शनिवार, २८ सप्टेंबर १९९१

चि. ऐलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी टपालहोडीतून बादलीत बसून वर आलं. गुलाबी कागद आधी बघितला, हे तू ओळखलंसच. मी ठीक आहे. आमच्या स्वयंपाक्याने दाढी काढली आहे आणि आता तो कुणालाच ओळखू येत नाही, त्यामुळे त्याच्या सूपला नावं ठेवायची पंचाईत झाली आहे. तू आईला जे खायला घालतेस त्याच्यापेक्षा ते बरं असावं, असं तुझ्या पत्रावरून वाटलं.

आज संध्याकाळी टोलेडोला माल उतरवायचा आहे. हे पत्र तिथेच टाकेन. टोलेडो आलं की मी सहसा जहाजाबाहेर पडत नाही. का, ते आज तुला सांगतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी इथे थर्ड इंजिनिअरच्या लायसनच्या परीक्षेला बसलो होतो. दोन हिवाळे अभ्यास केला होता. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस आणि माझ्या वहीत मांजरं काढायचीस. त्या खोलीत आम्ही चौदा जण होतो. पहिला प्रश्न वाचला, काही सुचेना. मान वर केली तर तेराच्या तेरा पेन्सिली भराभर चाललेल्या. मला वाटलं, यांच्यात मीच एक ढ. अर्ध्या तासात कोरा पेपर ठेवला आणि बाहेर पडलो. घरी फोन केला आणि नापास झालो म्हणून सांगितलं. तुझ्या आईला आजही तेवढंच माहीत आहे.

पुढे तीन वर्षांनी त्या तेरांतला एक जण माझ्याच जहाजावर आला. तो म्हणाला, की पहिला प्रश्न कुणालाच आला नव्हता. मग सगळे एवढं लिहीत काय होते, असं मी विचारलं. तर म्हणाला, बाकीच्यांचं माहीत नाही, मी माझं नाव आणि पत्ता सुवाच्य अक्षरात तीनदा गिरवला. तो दुसऱ्या खेपेला पास झाला. आज तो वरच्या मजल्यावर अधिकाऱ्यांबरोबर जेवतो आणि मी खाली यंत्रांना तेल घालतो. तेल घालण्यात कमीपणा नाही. पण मी ते निवडलेलं नाही, मी त्यात पळून आलोय, आणि पळून आलेल्या माणसाला ते रोज कळतं.

आपल्या गावाची ही खोडच आहे, पोरी. पाय मोडला तरी विचारणाऱ्याला ठीक आहे म्हणायचं. मीही त्याच मातीतला.

सही केली आहे. तारीख घातलेली नाही, ती तू घाल. वर्ग सोडलास तरी माझ्या लेखी तू आहेस तीच राहशील, याची खात्री बाळग. फक्त अर्ज देण्याआधी एका माणसाला विचार, की तुला हे खरंच येतं का. एकालाच विचार. मला तेवढंही जमलं नाही.

टोलेडोचं आईला सांगू नकोस. कधीतरी मीच सांगेन, असं मी दहा वर्षं घोकतोय.

मुरांब्यावर डोळा ठेव. लोभ वाढतो आहेच, पत्रंही वाढवावीत.

तुझा,
बाबा


बर्च हार्बर
रविवार, १३ ऑक्टोबर १९९१

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, आधी शेवट सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. मी फिजिक्समध्ये आहे. कुणीच सोडलं नाही. आता बैजवार सांगते, कारण ऐकण्यासारखं आहे.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. शनिवारी नेहमीप्रमाणे मार्नी आणि आमच्याच फिजिक्सच्या वर्गातली टेस आपल्याकडे सॉनाला आल्या. वाफेत कुणाचं तोंड कुणाला धड दिसत नाही, म्हणून बळ आलं. वरच्या बाकावर बसून मी मार्नीला एकदाचं विचारलं, की तुला ते इंटिग्रल खरंच येतं का गं. तापलेल्या दगडांवर तिने इतकं पाणी ओतलं, की आम्हा तिघींचे कान भाजले. मग म्हणाली, की तिचा गुलाबी अर्ज सही होऊन नऊ दिवस दप्तरात पडून आहे. दिला नाही, कारण ती गेली तर वर्ग मोडेल आणि जहाजाच्या इंजिनांचं वेड असलेल्या बिचाऱ्या ऐलीचं काय होईल! बाबा, मी तिच्यासाठी थांबले होते आणि ती माझ्यासाठी. तेवढ्यात खालच्या बाकावरून टेस रडतेय असा आवाज आला. बघते तर बाईसाहेब हसत होत्या. तिचा अर्ज हॉकीच्या बुटात होता. आमच्या दोघींची हुशारी वाया जाऊ नये म्हणून ती थांबली होती. आम्ही तशाच बाहेर पळालो आणि अंगणात वाफाळत उभ्या राहून इतक्या हसलो, की शेजारच्या लाहतीकाकूंनी खिडकी उघडून विचारलं, कुणाला भाजलं का.

सोमवारी वर्गातल्या तिन्ही मुलांना गाठलं. पीट आणि कर्ट दोघांकडे अर्ज होते. कर्टने सहीसाठी आजोबांना गाठलं होतं, वडिलांना सांगायचा धीर झाला नव्हता. आर्विड मात्र कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, त्याने त्याचा अर्ज मागच्या मंगळवारीच सरांच्या हातात दिला. सगळ्यांत हुशार म्हणून ज्याचा आम्ही धसका घेतला होता, तो सगळ्यांत आधी पळाला! मग इतका मान का हलवायचास, असं टेसने त्याच्यावर खेकसून विचारलं. तर म्हणे, मान हलवली की सर पुढचा प्रश्न दुसऱ्याला विचारतात.

मग आमच्या लक्षात आलं. आर्विडने अर्ज देऊन सहा दिवस झाले, म्हणजे आम्ही पाचच उरलो होतो. मग वर्ग बंद कसा झाला नाही? सगळे मिळून सरांकडे गेलो. मी बोलायचं ठरलं होतं. सांगून टाकलं, की आम्हाला कुणालाच हे येत नाही, पहिल्या दिवसापासून येत नव्हतं. सरांनी खणातून आर्विडचा अर्ज काढला. ऑफिसात दिलाच नव्हता त्यांनी. म्हणाले, दिला असता तर तुम्हा पाचांचा वर्ग गेला असता, म्हणून रोज उद्या देतो, उद्या देतो करत होतो. आणि मग खाली बघत म्हणाले, की हा विषय तेही पहिल्यांदाच शिकवतायत. निवृत्त झालेल्या सरांच्या वह्या समोर ठेवतात. त्या वह्यांत समासात लिहिलंय, हे मुलांना येतं, तर तेही तसंच म्हणायचे. आमच्या माना हलताना बघून त्यांना वाटायचं, मुलं पुढे गेलीत आणि मागे पडलोय तो आपणच.

रौटिओबाईंना बोलावलं. त्यांनी आम्हा सातांनाही सारखंच झापलं. मी काय शिकवलंय आणि काय नाही हे मला विचारायला तुमच्या तोंडांना कुलूप होतं का, असं त्या सरांनासुद्धा म्हणाल्या. आता दोन्ही तास लागोपाठ एकाच खोलीत होतात. बाईंनी लिमिट गुंडाळून इंटिग्रल पुढे ओढलं आणि तोवर सर थांबलेत. नवा नियम असा, की मान हलवायची नाही. येतं किंवा येत नाही, असं तोंडाने म्हणायचं. पहिल्या दिवशी आर्विड एकवीस वेळा येत नाही म्हणाला. टेसने मोजलं.

बुधवारी सरांनी जाळीच्या दाराची जुनी स्प्रिंग आणली. जितकी ओढावी तितका जोर वाढतो, मग एकूण काम मोजायचं कसं? बाईंनी खडू घेतला आणि त्या ताणाचे बारीक बारीक तुकडे पाडून बेरीज मांडली. ती बेरीज म्हणजेच तो वळणदार राक्षस. एवढंच होतं, बाबा! मी मोठ्याने येतं म्हणून ओरडले. शुक्रवारच्या छोट्या चाचणीत पंचविसात एकोणीस मिळाले. मार्नीला एकवीस. आर्विडला सोळा, आणि तो सगळ्यांत खूश.

अकरा तारीख आली आणि गेली. त्या दिवशी घरी येऊन मी भरदुपारी झोपले, ती आईने जेवायला हाक मारेपर्यंत. महिन्याभरात अशी झोप लागली नव्हती. छातीवरचा दगड उतरला, दुसरं काय सांगू. तुम्ही टोलेडोचं लिहिलं नसतंत, तर मी मार्नीला कधीच विचारलं नसतं. आईला त्यातलं काही सांगितलेलं नाही.

लोभ असू द्यावा, आणि स्वयंपाक्याने दाढी पुन्हा वाढवली का ते कळवावं.

तुमची,
ऐली


जहाज 'वॉल्टर हॅनन', सू बंदर
रविवार, २० ऑक्टोबर १९९१

चि. ऐलीस,
अनेक आशीर्वाद, आणि वर एकोणीस.

तुझं पत्र तीनदा वाचलं, एकदा मोठ्याने. जहाजाच्या खानावळीत खलाशी पोरं ऐकत होती. आर्विडची मान आली तेव्हा स्वयंपाक्याने टेबलावर थाप मारली आणि पीठ सगळीकडे उडालं. मी खूप हसलो. मग जरा वेळ मागच्या डेकवर जाऊन एकटाच बसलो. पोरी, तुझं कळल्यावर मला किती बरं वाटलं, हे लिहायला मला जमत नाही. पण बरं वाटलं असं लिहायला तरी जमलं, हेही थोडं नव्हे.

सतरा वर्षांची मुलगी सहा जणांसमोर येत नाही म्हणते आणि तिचा बाप एका बाईसमोर म्हणू शकत नाही, हे काही बरोबर नाही. सोबत घडी घातलेला कागद आहे, तो आईला दे. उघडू नकोस. उघडलास तरी तुला त्यातलं माहीतच आहे.

लोभ काठोकाठ आहे, सांडू देऊ नये.

तुझा,
बाबा


बर्च हार्बर
रविवार, २७ ऑक्टोबर १९९१

प्रिय रेनो,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझा कागद मिळाला. ऐलीने तो न उघडता दिला, हा तिचा चांगुलपणा. मी घडी उलगडत असताना ती दाराला टेकून उभी राहिली, हा तिचा स्वभाव. तिला बाहेर पिटाळून मी स्वयंपाकघरात बसले आणि मग वाचला.

रेनो, मला माहीत होतं. तू टोलेडोहून फोन केलास त्यानंतर पंधरा दिवसांनी परीक्षेच्या ऑफिसातून पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, की पेपर कोरा आहे आणि वसंतात पुन्हा बसता येईल. तू जहाजावर होतास, मी उघडलं. वाटलं, घरी आला की सांगेल. तू आलास, काही बोलला नाहीस. माझ्या मनात आलं, आत्ता विचारलं तर त्याला लाज वाटेल, तर राहू दे थोडे दिवस. मग वर्ष झालं. मग असं झालं, की आता विचारलं तर वर्षभर माहीत असून गप्प बसले, हे कळेल. अशी अकरा वर्षं गेली. दर वसंतात परीक्षेची तारीख जवळ आली, की मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. तुझ्या कधी लक्षात आलं का?

ऐलीच्या अर्जावर मी सही केली नाही, ती मला राग आला म्हणून नाही. त्या दिवशी तिचा चेहरा अगदी तुझ्यासारखा झाला होता. ते मला दुसऱ्यांदा बघवलं नसतं आणि काय बोलावं ते माझ्याजवळ नव्हतं. म्हटलं, याच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून तिला तुझ्याकडे पाठवलं. तू बोलशील की नाही, याची धाकधूक होती. बोललास. तुझा कागद वाचला त्या दिवशी इस्पितळात माझ्या हातून दोन ताटं फुटली, आणि तरीही मला कुणी रागावलं नाही, इतकी मी म्हणे हसतमुख होते.

परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, ते तू ठरव. मी मागे लागणार नाही आणि ऐलीलाही लागू देणार नाही. तू तेल घालतोस म्हणून मी एक दिवसही खंत केलेली नाही. मला लागलं ते दुसरंच. ऐली बिचारी सहा जणांत एकटी पडली होती. आपण तर दोघंच होतो, रेनो, आणि दोघंही एकटे.

इकडे थंडी पडायला लागली आहे. तुझी लोकरी बनियन जुनी झाली असेल, माप कळव, मी विणायला घेते. ऐलीचा स्वयंपाक सुधारलेला नाही, पण आता मी तसं तिला तोंडावर सांगते.

लोभ या अकरा वर्षांत कमी झाला नाही. यापुढे तो बोलता ठेवावा.

तुझी,
लोइस