शेळीने खाल्लेला जानेवारी

आबा, तुमची काळी पेटी मी उघडली. आई म्हणत होती, "त्यात काय न्हाई, नुसत्या डांबरगोळ्या हायत." पण मला शाळेसाठी एका तारखेचा पुरावा हवा होता, आणि तो असलाच तर तुमच्याकडेच असणार होता.

माझ्या चौथीतला जानेवारी तुम्ही विसरला नसाल. परिपाठात रोज दिनविशेष सांगायची पाळी महिनाभर माझी होती, आणि गुरुजींनी आपली पुस्तिका मोठ्या विश्वासाने माझ्या दप्तरात ठेवली होती. पहिल्याच संध्याकाळी आपल्या शेळीने त्यातला जानेवारी खाल्ला. फेब्रुवारीला तोंडही लावलं नाही. मी रडत बसले आहे आणि तुम्ही चुलीपुढे भाकरी थापताय. पलटणीच्या लंगरात, जवानांचं जेवण रांधण्यात जन्म गेलेला माणूस, आईची भाकरी तुम्हाला कधी गोल वाटलीच नाही. "रडतीस कशाला? इतिहास काय शेळीच्या पोटात संपतू व्हय? मी सांगतो की!" सव्वीस आणि तीस तारखेची काळजी नव्हती. बाकीचे दिवस तुम्ही भरू लागलात. आजच्या दिवशी खेचरांनी शिखरावर बटाटे पोचवले. आजच्या दिवशी कर्नलसाहेबांनी पिठल्याला सलाम ठोकला. मी ते खणखणीत आवाजात सांगायची आणि गुरुजी फळ्यावर सुबक अक्षरात लिहायचे.

मग एका सकाळी मी म्हणाले, "आजच्या दिवशी बर्फाच्या वादळात एका आचाऱ्याने तीनशे जवानांना गरम पुऱ्या खाऊ घातल्या, आणि एकही पुरी बसली नाही." गुरुजींचा खडू थांबला. "कोणता आचारी गं?" नेमके तेव्हाच तुम्ही माझा विसरलेला डबा घेऊन फाटकात उभे. सगळी शाळा फिदीफिदी हसायला लागली, आणि मी बोलून गेले, "गुरुजी, आमचे आबा थापा मारतात." तुम्ही पुढे आलात, टाचा जुळवल्यात. "व्हय गुरुजी, माझी नात खरं बोलती. आन् तुमच्या पुस्तकाचं पान बी मीच फाडलं, बिडी वळाय." गुरुजींनी तुम्हाला सगळ्या शाळेदेखत तंबाखूचे दुष्परिणाम समजावले. जन्मात बिडी न ओढलेले तुम्ही मान डोलवत ऐकून घेतलंत. घरी मी जेवले नाही, तर एवढंच म्हणालात, "शेळीनं खाल्लं, तू बी खा की." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. माझा तो शब्द मागे घ्यायचा राहूनच गेला.

आता मी म्हसवडजवळच्या शाळेत शिकवते. घरातली पहिली पदवी, तीही इतिहासाची. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं पोरांना रोज बजावते. वर्गासाठी जानेवारीच्या दिनविशेषांचा तक्ता भरताना तुमच्या पुऱ्यांचा चौकोन मात्र मला भरवेना. म्हणून पेटी. तळाशी, डांबरगोळ्यांखाली, प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक इंग्रजी कागद निघाला. पेन्शनचा असेल म्हणून आईने कधी हलवला नाही, आणि तेव्हा तो वाचेल असं घरात कुणी नव्हतं. वादळात लंगर चालू ठेवून जवानांना गरम जेवण दिल्याबद्दल शाबासकी, खाली साहेबाची सही. जवान तीनशे नव्हते, आबा, एकशे वीस होते. पुऱ्या फुगल्या की बसल्या, याबद्दल कागद गप्प आहे. आणि तारीख तुम्ही सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. त्या चौकोनात मी आधीच कुठल्याशा परदेशी पुलाचं उद्घाटन घातलं होतं. पूल काढून टाकला.

उद्या केंद्रप्रमुख तपासणीला येताहेत. ते विचारणारच, "कोणता आचारी?" आरशासमोर उत्तराची तयारी केली आहे, तुमचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. टाचाही जुळतात. हे पत्र त्या कागदाखाली ठेवून पेटी लावणार आहे. तिथून ते कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. तक्त्यावरचे बाकीचे सगळे दिवस मी शाईने लिहिलेत. तुमचा पेन्सिलीने लिहिलाय, आबा. आणि खोडरबर पर्समध्ये आहे.