आईची धडधड

दादा,

काल टेबलावर तू होतास आणि काचेपलीकडे मशीनवर मी. आठ वर्षांनी समोर आले, पण मास्कमुळे तू ओळखलं नाहीस.

मांडीतून वायर तुझ्या हृदयात गेल्या होत्या. बिघडलेली जागा जाळण्याआधी ती सापडावी लागते, म्हणून धडधड मुद्दाम सुरू करतात. डॉक्टरांनी सांगितलं, मी बटण दाबलं. ठोके दोनशेवर गेले. तू पुटपुटलास, "जीव जातोय माझा."

धडधड सुरू झाली की आईही हेच म्हणायची. तू पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचास, "नाटकं करू नकोस." मी तिला दवाखान्यात नेते म्हटलं, तर मलाही गप्प बसवलंस. मग एका सकाळी ती ओट्यापाशी कोसळली ती उठलीच नाही.

मी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच केलं. बटण चार वेळा दाबलं. चारही वेळा मला बरं वाटलं, हे कबूल करते.

दोन तासांत तुझा आजार गेला. आईसाठी तू दोन तास काढले नाहीस.

हे पत्र मी पाठवणार नाही. महिन्याने तपासणीला येशील, तेव्हा मास्क काढून समोर बसेन आणि विचारीन, "काय दादा, नाटकं थांबली का?"

तुझी,
आईजवळ होती ती धाकटी