बिनविरोध

हवासा, इथिओपिया
१२ जानेवारी २०२५

आदरणीय रत्नमालाआत्यास,
संघपालचा सप्रेम जय भीम. वि. वि.

परवा फोनवर बोललो, पण आपल्या घरात फोनवर जेवलास का आणि नळाला पाणी आलं का, यापुढं गाडी जात नाही. म्हणून तुझ्याच नियमाप्रमाणे कागद घेतला. तब्येत चांगली आहे. इथल्या तळ्याकाठी टकल्या डोक्याचे, कमरेएवढे उंच पक्षी मासेवाल्यांच्या पायात घुटमळत असतात. असा एखादा हर्सूलच्या तलावावर उतरला तर आपली अख्खी कॉलनी बघायला जाईल.

आता काम. माझ्या लोकप्रशासनाच्या वर्गात पुढच्या महिन्यात वादविवाद आहे. विषय मुलांनीच काढला: कसलाही अधिकार नसलेला, नुसता शोभेचा राजा गादीवर बसवला तर हा देश एकत्र येईल का? इथं सम्राट होता, तो १९७४ साली गेला. देशात ऐंशीच्या वर भाषा आहेत, उत्तरेतलं युद्ध थांबून थोडी वर्षंच झालीत, आणि माझ्या चाळीस जणांच्या वर्गातही कोण कुणाशेजारी बसतो ते भाषेवरून ठरतं. परीक्षक कोण यावर आठवडाभर भांडण चाललं. प्रत्येक प्राध्यापक कुणाचा ना कुणाचा निघाला. शेवटी सगळे माझ्यावर येऊन थांबले, कारण मी कुणाचाच नाही.

तू तेहतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंस, तुझं मत कळव. बाबांना विचारलं तर म्हणाले की राजाबिजाचं ताईला इचार, मला एस.टी.च्या इंजिनाचं इचार. विहाराच्या भांडणाचं काय झालं तेही लिही. ते विचारलं की बाबा 'बरं हाय' म्हणून फोन आईकडे देतात.

मागचं पत्र तू लाल पेनाने तपासून परत धाडलंस, दहापैकी साडेसहा. या खेपेला गुण वाढव, लोभ आहे तेवढाच चालेल.

तुझा,
संघपाल


छत्रपती संभाजीनगर
४ फेब्रुवारी २०२५

चि. संघपाल यास,
आत्याच्या मंगल कामना.

पत्र तेविसाव्या दिवशी मिळालं. पावणेसात गुण दिले आहेत. अनुस्वार अजून मीठ भुरभुरल्यासारखे टाकतोस.

माझं मत एका वाक्यात: राजा नको, शोभेचाही नको. तुझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, निजामाच्या राज्यात जन्मले. त्यांच्या वडिलांना एकदा तालुक्याच्या कचेरीत बोलावलं आणि उर्दूत लिहिलेल्या कागदावर अंगठा घेतला. कागदात काय होतं ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. ज्या गादीने माणसाला त्याच्याच गावात मुका केलं, ती गादी धुऊन-पुसून पुन्हा मांडली म्हणून स्वच्छ होत नाही. हे तुझ्या मुलांना सांग.

विहाराचं विचारलंस. डिसेंबरापासून दाराला दोन कुलुपं आहेत. तरुण मंडळाला आबांनी बांधलेला ओटा पाडून तिथं अभ्यासिका हवी, आणि जुनी समिती म्हणते की एक दगड हलणार नाही. दोन्ही बाजूंनी आपापलं कुलूप लावलं. माझा मुलांचा रविवारचा वर्ग सध्या रस्त्यावर लिंबाखाली भरतो आणि रिक्षा आली की पाठ थांबवून सगळे उठतात.

गेल्या आठवड्यात मात्र दोन्हीकडची माणसं एकत्र माझ्या दारी आली. आमचा धोंडिबाच, म्हणजे तुझे बाबा, घेऊन आले. म्हणणं असं की मला मानद अध्यक्ष करायचं. अधिकार काही नाही. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे, दार मी उघडायचं, मेणबत्ती मी लावायची, ओट्याचं सावकाश ठरेल. धोंडिबा म्हणाला की ताई, तू निस्ती बस, तुला कोन नाय म्हनंल? मी सांगितलं की मतदान झाल्याशिवाय मी बसणार नाही. घरटी एक मत, चिठ्ठी गुप्त, तारीख १६ मार्च. धोंडिबा डोकं खाजवत म्हणाला की मंग समोर कुनीतरी उभं राहावं लागंल. मी म्हटलं, लागेलच. बिनविरोध म्हणजे मागच्या दाराने आलेली राजेशाही.

माझे गुडघे बरे आहेत. मफलर वापरत जा. पत्र लिहीत राहा म्हणजे हात आणि नातं दोन्ही चालू राहतील.

तुझी आत्या,
रत्नमाला


हवासा
२ मार्च २०२५

आदरणीय आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी वर्गात इंग्रजीत वाचून दाखवलं. अंगठ्याच्या कागदाशी आलो आणि तोलोसा नावाचा मुलगा उभाच राहिला. हा ओरोमो, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या भाषिक समाजातला. त्याची आजी सम्राटाच्या काळात जमिनीच्या दाव्यासाठी कोर्टात गेली होती. न्यायाधीश एका भाषेत बोलत होता, तिला दुसरीच येत होती, मध्ये दुभाष्या. निकाल तिच्याविरुद्ध गेला हे तिला बाहेर आल्यावर कळलं. तोलोसा म्हणाला की मुकुटातले अधिकार काढून घेता येतील, त्याची भाषा कशी काढणार? तुझ्या नावाने टाळ्या झाल्या. आपल्या शेजारची लीलाबाई कशाच्याही निमित्ताने गल्लीत पेढे वाटते, तशी मीही मग वर्गाला कॉफी पाजली.

पण दुसऱ्या बाजूची हिरुत ऐकायला नको होती असं वाटतं इतकी चांगली बोलली. तिचा मोठा भाऊ युद्धात गेला तो परत आलेला नाही. कुठल्या बाजूने गेला ते तिने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तिचं म्हणणं असं की या देशात शोभेचा राष्ट्राध्यक्ष आधीच आहे, संसद त्याला निवडते, आणि तो बोलू लागला की लोक पहिल्यांदा विचारतात की याला कुणी निवडलं. निवडलेला माणूस निवडणाऱ्यांचा होतो. तिला राज्य करणारा कुणी नको आहे. दोन्हीकडच्या आया ज्याच्यासमोर एकदम रडू शकतील असा एक तरी माणूस देशात असावा, एवढंच तिचं मागणं.

मी निकाल राखून ठेवला. तोलोसा म्हणाला की निकाल न देणारा परीक्षक हाच खरा शोभेचा राजा. वर्ग खूप हसला, मीही हसलो.

आत्या, तुझ्याविरुद्ध बोलायची माझी प्राज्ञा नाही, पण तुझी निवडणूक मला जरा खटकते आहे. दोन्ही बाजू तुला मानत होत्या. मग विचारायचं कशाला? हे पत्र सोळा तारखेच्या आत पोचावं. फोनवर मला हे नीट मांडता येणार नाही.

गुण कापलेस तरी माया कापू नकोस.

तुझा,
संघपाल


छत्रपती संभाजीनगर
२७ मार्च २०२५

चि. संघपाल यास,
मंगल कामना.

तुझं पत्र मतदान झाल्यावर आठ दिवसांनी पोचलं. गुण देण्याच्या मनःस्थितीत नाही.

माझ्यासमोर जुन्या समितीने धोंडिबाला उभं केलं. समितीचा म्होरक्या पुंजाराम म्हणाला की ताईसमोर दुसरा कुणी टिकणारच नाही. मग साहजिकच तरुण मंडळाने मला आपली उमेदवार मानलं, माझ्या नावाची पत्रकं छापली, आणि दोन आठवड्यांत मी सगळ्यांची बाई होते ती अर्ध्यांची झाले. पेटी मी शाळेतून मागून आणली होती. शिक्का, शाई, पडदा, सगळं नियमाप्रमाणे. एकशे एकोणीस घरं, एकशे एकोणीस मतं. मला साठ, धोंडिबाला एकोणसाठ.

दोन्ही किल्ल्या आता माझ्या उशाशी आहेत. रविवारी दार उघडते तेव्हा निम्मीच माणसं आत येतात, म्हणून मुलांचा वर्ग अजून लिंबाखालीच ठेवला आहे. धोंडिबा समोरच्या घरात राहतो, मध्ये सहा पावलांचा रस्ता, आणि बारा दिवसांत तो रस्ता ओलांडून आला नाही. मी दाराशी गेले की तो आत जातो. आबा वारले तेव्हासुद्धा आम्ही एका ताटात जेवलो होतो रे.

आणखी वाईट पुढंच आहे. जुन्या समितीने आपली साठ घरं पक्की मोजली होती, म्हणजे एक मत फुटलं. कुणाचं, याचा शोध चालू आहे आणि बोट त्या साठांतल्या चतुराबाईकडे आहे, कारण तिचा मुलगा मंडळात बसतो. ती शपथा घेऊन थकली. परवा तिच्या नातवाचं नामकरण झालं. तिने पन्नास माणसांचा स्वयंपाक केला होता, आणि गेलो आम्ही अकरा जण.

तुझी हिरुत बरोबर बोलली, हे लिहिताना मला काय होतंय ते तुला कळेल. तरी राजा नकोच, हे मत कायम आहे.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. मी माझं मत मलाच दिलं. नियमात बसतं. पण धाकट्या भावाचं नाव चिठ्ठीवर असताना हात जरासुद्धा अडखळला नाही, ते आता सारखं आठवतं. हे धोंडिबाला कळवू नकोस.

पत्राची वाट बघते, नेहमीपेक्षा जास्त.

तुझी आत्या


हवासा
२० एप्रिल २०२५

आदरणीय आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं गुपित माझ्यापाशी राहील. बाबांना फोन केला. या वेळी 'बरं हाय' दोनदा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला नाही, नुसता धरून बसले.

मी अखेर निकाल दिला. राजामुळे देश एकत्र येणार नाही असं ठरवलं, म्हणजे तोलोसाची बाजू जिंकली. पण हिरुतच्या मागण्याला कुणीच उत्तर दिलं नाही, हेही त्यात लिहिलं. दोन्ही बाजू माझ्यावर नाराज झाल्या. जिन्यात मात्र तोलोसाने हिरुतला थांबवून विचारलं की तुझ्या भावाचं नाव काय. वर्षभर एका वर्गात बसतात, आणि त्याने ते आजवर विचारलं नव्हतं. ती बराच वेळ सांगत होती. मी माझ्या वह्या घेऊन दुसऱ्या जिन्याने उतरलो.

तू सुकत चालली आहेस असं आई म्हणते. जेव, आणि माझी चूक दिसली तर जरूर रागाव.

तुझा,
संघपाल


समोरच्या घरातून
७ मे

ताईला धोंडिबाचा जय भीम.

रस्ता सहा पावलाचा हाय, पर तोंडानं बोलाया निघालो की माझं इंजन बंद पडतं. म्हनून लिहितो. माझा कागद लाल करू नको.

मी रागावलो नाय. लोक म्हनतात तसं काय बी नाय. मला उभं ऱ्हायचंच नव्हतं. पुंजाराम लई मागं लागला, आन तूच म्हनली व्हती की समोर कुनीतरी पायजे. म्या तुझंच ऐकलं.

त्या दिशी पडद्याआड चिठ्ठी हातात घेतली. दोनच नावं. मला ओटा आठवला. आबा मोठ्या मानसांना शिकवायचे आन माझ्या पाटीवर तू अक्षर काढून द्यायची. आता म्या खुर्चीत बसू आन तू खाली? हात माझ्या नावाकडं गेलाच नाय. शिक्का तुझ्या नावापुढं मारला. वाटलं, माझ्या एका मतानं काय व्हतंय. मंग साठ-एकुनसाठ ऐकलं आन तसाच मागच्या मागं घरला आलो.

ते फुटलेलं मत चतुराबाईचं नाय, ते माझं हाय. तिच्याकडं नामकरनाला जायचं नाय असं ठरलं तवा म्या तिथंच बसलो व्हतो, आन गप ऱ्हायलो. त्याची लाज वाटती. म्हनून विहारात येत नाय, तू दिसली की आत जातो. पोर्निमेला समद्यांसमोर सांगनार हाय. आधी तुला सांगावं वाटलं.

तू बी मलाच मत दिलं असशील, ते मला ठावं हाय. आपल्या घरचं वळनच तसं.

तुझा धाकटा,
धोंडिबा


छत्रपती संभाजीनगर
१५ मे २०२५

चि. संघपाल यास,
मंगल कामना.

सोबत तुझ्या बाबांच्या पत्राची झेरॉक्स आहे. मूळ माझ्यापाशी राहील. आधी ते वाचलंस असं धरून लिहिते.

बुद्धपौर्णिमेला जुन्या समितीची माणसं बाहेर अंगणात उभी होती. धोंडिबा आला, चतुराबाईशेजारी जाऊन उभा राहिला आणि चार वाक्यांत सगळं सांगून मोकळा झाला. चतुराबाई पदर तोंडाला लावून खाली बसली. पुंजाराम चपला काढून आत आला. त्याच्यामागून बाकीचे आले.

मला गप्प राहता आलं असतं. चिठ्ठी गुप्त होती, आणि धोंडिबाचा माझ्यावरचा विश्वास फुकटात शाबूत राहिला असता. पण चार महिने नियम-नियम करत फिरलेली बाई मी, कुठं लपणार? उठले आणि सांगितलं की माझं मत मी मलाच दिलं होतं. धोंडिबाने माझ्याकडे बघितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला आणि म्हणाला की मंग काय चुकलं, आपन दोघांनी बी शहान्या मानसालाच मत दिलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही, रडू आलं, आणि ते मी सगळ्यांसमोर रडले.

राजीनामा तिथंच दिला. एक कुलूप काढून टाकलं. उरलेल्याची किल्ली आता दर आठवड्याला एका घरी जाते, आणि पहिला आठवडा चतुराबाईचा ठरला. ओट्याचं काही मिटलेलं नाही. रोज संध्याकाळी त्यावर भांडण होतं, पण आत बसून होतं, आणि बरेच जण ओट्यावरच बसून भांडतात. येत्या रविवारपासून मुलांचा वर्ग आत भरेल.

तुझ्या हिरुतला सांग की तिच्या मागण्याचं उत्तर मलाही सापडलं नाही. राजा मी अजूनही कुणाला सुचवणार नाही. पण मी एका मताने निवडून आले, आणि ते मत माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाचं होतं. हे कुठल्या धड्यात बसतं ते मला माहीत नाही. तेहतीस वर्षांत मी ते एकदाही फळ्यावर लिहिलं नाही.

धोंडिबा आता येतो. काल आमच्या नळाला पाणी आलं, तर त्याने त्याच्या घरचेही दोन हंडे माझ्याकडेच भरले आणि चहा पिऊन गेला. तो गेल्यावर मी त्याचं पत्र पुन्हा काढलं. तेवढ्या एका कागदात सव्वीस चुका आहेत. सवयीने लाल पेन हातात घेतला, टोपण काढलं, आणि परत लावलं.

तुझी आत्या,
रत्नमाला