फोटोत न हललेला माणूस

५ जून २०१६, रविवार
आधी टपकली ती माझी पुतणी दमयंतीच, अळूवड्यांचा डबा घेऊन. मागून तिचा नवरा प्रमोद, कॅमेरा नि तिकाटणं सांभाळत. पामर्स्टन नॉर्थहून गाडी हाकत अप्पर हटला आले बिचारे, माझ्या सुशीलचं नवं घर बघायला. मीही गेल्याच आठवड्यात देशातून इथे परदेशी आलेय. प्रमोदनं मला चक्क ताऱ्यांचे फोटो काढायला शिकवलं! म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, जमेल का? तर म्हणतो, काकू, पोळ्यांपेक्षा सोपं. बटण दाबायचं नि हात लावायचा नाही. कॅमेरा बराच वेळ टक लावून बघतो. मधे माणूस आला तर पुसट येतो, जिवंत माणूस हलतोच. खांब तेवढे रेखीव. इथे जूनमध्ये हिवाळा, संध्याकाळीच काळोख, नि आपलं विंचवाचं नक्षत्र केवढं वर! पोरीसारखी नाचले मी. कॅमेरा आमच्याकडेच ठेवून गेले. निघताना फाटकाशी त्यांचाही फोटो काढला. दोघांना ‘या हं’ म्हटलं. कुंपणापाशी अंधारात शेजारच्या घरचे गृहस्थ उभे होते, त्यांनाही.

६ जून
नातीनं, वल्लरीनं, फोटो कॉम्प्युटरवर मोठे केले. आठ वर्षांची आहे, जन्म इथलाच. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. तारे झकास! प्रमोद-दमयंती धुरासारखे. ते शेजारचे गृहस्थ मात्र खांबासारखे रेखीव. सुशील म्हणाला, आई, शेजारचं घर रिकामं आहे.

८ जून
पुन्हा अंगणाचा फोटो काढला. बाहेर कुणी नव्हतं, देवाशपथ. फोटोत तो आहे. फाटकाच्या आत. हा कोण गं, विचारलं, तर वल्लरी म्हणते, ‘यू टोल्ड हिम टू कम, आजी. “या” मीन्स कम.’ अगं, तो निरोप असतो, आपल्यात निघालेल्याला ‘जा’ म्हणत नाहीत — किती समजावलं. ती म्हणाली, तो तिला हाक मारतो. नावानं.

९ जून
फोटोत तो पायरीवर. तोंड वल्लरीच्या खिडकीकडे. सुशील म्हणतो लेन्सवर डाग. डागाला बोटं असतात का —
अंगणात जाऊन मोठ्यानं ‘जा’ म्हटलं. जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.
अगदी कानाशी — ‘येतो.’

१० जून
सुशील नि सूनबाई कामावर. पोरीला शाळेत पाठवली नाही, जवळच बसवली. प्रमोदला फोन केला. घाबरू नका काकू, आम्ही उद्या शनिवारी येतो, म्हणाला. लिहून ठेवते. शनिवार.
बेल —
वल्लरी ओरडतेय, पाहुणे आले — अगं थांब, कडी काढू नकोस, ते शनिवारी, आज नाही, शनिवारी येणार —